तीन नंबरचा प्लग आणि बयाबाईंचा बत्ता

नानासोंनी लावलेलं झाकण फक्त नानासोंनाच उघडतं, आणि तेही दर वेळी नाही, ही गोष्ट विश्रामबागेतल्या त्या आठ खोल्यांच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होती. लोणच्याची बरणी असो, कंदिलाची टाकी असो, नानासोंचा हात लागला की ती वस्तू कायमची बंद. चाळीचा नळ गळतो म्हणून त्यांनी एकदा तो असा आवळला, की दुसऱ्या दिवशी पान्हा घेऊन आलेला माणूस शेवटी नळच काढून घेऊन गेला. स्टोव्हचं निपल त्यांनी आटे जाईपर्यंत पिळलं, तेव्हापासून मुक्ताबाईंनी त्यांना स्टोव्हच्या जवळ फिरकायची बंदी केली होती.

नानासो याला 'मिलिटरी टाइट' म्हणत. सात वर्षं ते मिलिटरीच्या मोटार डेपोत होते. (खिडकीत बसायचं, चिठ्ठी घ्यायची, मागच्या फळीवरचा सुटा भाग काढून द्यायचा, एवढंच काम. पण चाळीत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगावं अशी ही गोष्टही नव्हती.) आता ते एका सरकारी कचेरीत जावक कारकून होते आणि रोज वीसपंचवीस पाकिटं डिंकानं बंद करत. तुमचं पाकीट उघडताना आतलं पत्रही फाटतं, अशी लेखी तक्रार कवठे महांकाळच्या कचेरीतून येऊन पडली होती.

अशा या माणसाच्या दाराशी नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी मोटार येऊन उभी राहिली. फियाट, बदामी रंगाची, सेकंडहँड पण आरशासारखी पुसलेली.

मोटारीतून जोतीराम उतरला. जोतीराम हा मुक्ताबाईंचा धाकटा भाऊ, मेढ्याचा. इतकी वर्षं दुसऱ्याचा टेम्पो चालवून त्यानं नुकतीच ही मोटार घेतली होती आणि मेढा ते सातारा भाड्यानं फिरवत होता. पंचमीला बहिणीला माहेरी न्यायला मुराळी जातो, तसा तो आला होता; पण मुराळी मोटार घेऊन आलेला त्या चाळीनं पहिल्यांदाच पाहिला. मुक्ताबाईंना भावाचा उपास होता. उपाशी पोटी त्या मोटारीभोवती तीन वेळा फिरल्या, दाराची कडी दोनदा उघडून मिटली, आणि मग भावाच्या गालाला हात लावून त्यांनी डोळे पुसले.

या आनंदामागं एक जुनं दुखणं होतं. गेली चार वर्षं मुक्ताबाई पंचमीला माहेरी गेल्याच नव्हत्या. पहिल्या वर्षी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. दुसऱ्या वर्षी कृष्णेला पूर आला. तिसऱ्या वर्षी नानासोंची पाठ धरली. चौथ्या वर्षी नानासोंनी एस.टी.चं रिझर्व्हेशन केलं ते पंचमीच्या दुसऱ्या दिवसाचं. ऑपरेशन खरं होतं, पूर तर सगळ्या सांगलीनं पाहिला होता. पण चार वर्षांची चार कारणं एका ओळीत ठेवली की ती कुणालाही खरी वाटत नाहीत. बायको गेली की नवऱ्याचे जेवणाचे हाल होतात, म्हणून हा गडी काहीतरी मोडता घालतो, असं चाळीतल्या बायकांचं ठाम मत झालं होतं. मुक्ताबाईंचं मत काय आहे ते नानासोंना माहीत नव्हतं. विचारायचा धीर त्यांना चार वर्षांत झाला नव्हता.

पंचमीला पहाटेच मुक्ताबाई तयार झाल्या. हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, एक ट्रंक, पुरणाच्या दिंडांचा डबा आणि भाचरांसाठी खाऊची पिशवी. दुपारी तीन वाजता मेढ्यातल्या सगळ्या लेकी वारुळाला निघतात, मग फेर, मग आंब्याला बांधलेला झोका. तीनच्या आत पोचायचं. सहाला निघालं तर अकरालाच पोचतो, जोतीराम म्हणाला. त्याच्या हातून मोटारीची किल्ली घेऊन मुक्ताबाईंनी ती खरीच आहे ना, म्हणून दोनदा पाहिली.

सामान चढलं. मुक्ताबाई मागच्या सीटवर बसल्या. चाळ निरोपाला जमली. आणि एवढ्यात जोतीराम सहज बोलून गेला, की काल कऱ्हाडच्या पुढं गाडी मधूनच जरा अडखळत होती.

तो सहज बोलला होता. पण सगळ्यांच्या नजरा नानासोंकडे गेल्या. सात वर्षं मोटार डेपो!

"थांब, प्लग बघतो," नानासो म्हणाले.

हे तीन शब्द त्यांनी उच्चारले नसते तर ही गोष्ट इथंच संपली असती, आणि मुक्ताबाई अकरा वाजता मेढ्यात असत्या.

नानासोंनी बाह्या वर केल्या, बॉनेट उघडलं आणि एकेक करत चारी प्लग काढून ओळीनं मांडले. हे त्यांना चांगलं जमलं, कारण सुटे भाग ओळीनं मांडण्यात त्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या डेपोत नव्हता. काजळी धरलेली होती. ती काढायला त्यांनी खिशातला चाकू काढला, तशा ओट्यावर बसलेल्या बयाबाई सावध झाल्या. बयाबाई म्हणजे नानासोंच्या आई. तोंडात दात एकही नाही, म्हणून पान कुटायचा पितळी खलबत्ता चोवीस तास मांडीवर.

"नाना, आज पंचमी हाय. आज सुरी धरू ने, चिरू ने, कापू ने. नागाला लागतंय."

नानासोंनी शास्त्रार्थ केला. हे कापणं नव्हे, हे खरवडणं. बयाबाईंनी नुसता बत्ता एकदा खलात आपटला.

प्लग लखलखीत झाले. आता बसवायचे. पान्हा लहान होता, म्हणून नानासोंनी त्याच्या दांड्यात हातभर लांबीचा पाइप घातला. पहिला प्लग आवळला. दुसरा आवळला. मोटारच थोडी हलली. जोतीराम हळूच म्हणाला, "दाजी, इंजिनाचं डोस्कं ॲल्युमिनियमचं हाय, जरा बेतानं." त्यावर नानासोंनी त्याला मिलिटरी टाइट म्हणजे काय ते थोडक्यात समजावलं आणि तिसऱ्याला हात घातला.

तिसरा प्लग आधी सरळ बसेना. मग बसला. मग आवळला. मग अजून थोडा आवळला. आणि मग एकदम तो इतका सैल, इतका मऊ फिरू लागला, की नानासोंना क्षणभर बरंच वाटलं. इतका समजूतदार प्लग त्यांना आयुष्यात भेटला नव्हता.

त्यांनी तो उचलला, तर तो पान्ह्याशिवायच हातात आला. आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली, पांढरी, चकचकीत, शेवईसारखी एक तार लोंबत होती. इंजिनाच्या डोक्याच्या भोकातले आटे होते ते. सगळेच्या सगळे.

शेजारच्या पारूबाईंनी पदर तोंडाला लावून पलीकडच्या बाईला विचारलं, की मोडली का मोडवली? हळू विचारलं, पण पारूबाईंचं हळू म्हणजे मिरजेपर्यंत ऐकू जाईल असं असतं. नानासोंनी मागच्या काचेतून बायकोकडे पाहिलं. मुक्ताबाई समोर बघत बसल्या होत्या. चेहऱ्यावर राग नाही, रडू नाही, काहीच नाही. नानासो मिलिटरीत असताना त्यांच्यावर एकदाही गोळी चालली नव्हती, पण ती चालण्याआधी कसं वाटत असेल ते त्यांना तिथं कळलं.

आणि हे पाचवं वर्ष! बाकीच्या वेळी निदान पूर तरी होता.

"पाच मिनिटांत करतो," ते म्हणाले, आणि घरातून सुतळीचे तंतू आणि सफेदा घेऊन आले. नळाला जे चालतं ते प्लगला का चालू नये? प्लगला सुतळी गुंडाळली, वर सफेदा थापला, प्लग भोकात दाबून बसवला, वरून वायर खोचली. (याही वेळी तो चांगला घट्ट बसला, असं त्यांचं आजही म्हणणं आहे.) जोतीरामनं चौथा प्लग गुपचूप आपणच बसवला आणि देवाचं नाव घेऊन स्टार्टर मारला.

फाट्, असा आवाज झाला. प्लग वायरीसकट निघाला, चाळीच्या कपड्यांच्या दोरीवरून गेला आणि ओट्यावर, भिंतीवर काढलेल्या नागाच्या पुढं, लाह्यांच्या सुपात जाऊन पडला. लाह्या चौफेर उडाल्या. बयाबाईंनी आधी हात जोडले आणि मग सुपातून प्लग पदरानं धरून काढला.

"म्या सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या.

मिरज रस्त्याला, चाळीपासून दोन फर्लांगांवर, धोंडिरामचं लेथचं दुकान होतं. तिथंच जायचं ठरलं. मोटार ढकलत न्यायची. नानासो मागच्या दाराशी गेले आणि मुक्ताबाईंना म्हणाले, की तू तेवढी उतर, वजन कमी होईल.

"म्या माहेराला जायला बसलीय," मुक्ताबाई समोर बघत म्हणाल्या. "आता मेढ्यातच उतरणार."

मग काय, चाळीतले सहा पुरुष मागून, जोतीराम स्टेअरिंगला, नानासो घामाघूम, बयाबाई खलबत्ता काखेत मारून बाजूनं, त्यांच्यामागं पारूबाई आणि उरलेली चाळ, आणि मागच्या सीटवर हिरव्या लुगड्यातल्या मुक्ताबाई मांडीवर दिंडांचा डबा घेऊन ताठ बसलेल्या, अशी ती मिरवणूक निघाली. रस्त्यानं जाणारे सायकलवाले उतरून उभे राहिले. एकानं तर नमस्कारही केला.

धोंडिरामचं दुकान बंद होतं. धोंडिराम स्वतः पायरीवर बसून विडी ओढत होता. त्यानं भोकात बोट घालून पाहिलं आणि सांगितलं, की काही अवघड नाही. भोक मोठं करून त्यात नवे आटे पाडायचे आणि आतून-बाहेरून आटे असलेला पितळेचा बुश बसवायचा, दोन तासांचं काम. पण आज नाही, उद्या. आज पंचमी. आज लेथ चालवणं म्हणजे कापणंच.

नानासोंनी आता उलट्या बाजूनं शास्त्रार्थ सुरू केला. नाग असतो जमिनीत. नांगर चालवू नये, खणू नये, ते ठीक. लेथ काय जमिनीत चालतं?

धोंडिरामनं शांतपणे धूर सोडला. "लेथचं फौंडेशन तीन फूट खाली गेलंय," तो म्हणाला.

नानासोंनी बारा वर्षांच्या संसारात बायकोच्या मोजून दोन इच्छा पुरवल्या असतील, आणि तिसरी आज त्यांच्या स्वतःच्या हातानं मोडून पडली होती. ते पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि खिशातली ती आट्यांची तार काढून बोटाभोवती गुंडाळत राहिले. धोंडिरामला ते दिसलं असावं. त्यानं विडी विझवली.

"माझा हात लागायचा न्हाई," तो म्हणाला. "नाथाजीला इचारा. त्येला चालत असंल तर किल्ली ही घ्या."

नाथाजी हा त्याच्या दुकानातला टर्नर, मागच्याच गल्लीत राहायचा. मिरजेला रेल्वेत शिकलेला, सांगलीत ज्याच्या हाताचा आटा डोळे मिटून घ्यावा असा माणूस. तो सकाळचा पेपर वाचत बसला होता. नानासोंनी धापा टाकत सगळं सांगितलं आणि शेवटी अडखळत विचारलं, की आज पंचमी आहे, तर तुम्हाला काही...

नाथाजीनं पेपरची घडी घातली. "बाबासायबांच्या मागनं गेलो त्येला आठ वर्सं झाली. नागपंचमी तवाच सोडली. आमच्याकडं आज नुसता बुधवार हाय. चला."

दुकान उघडलं. कटकट सुरू झाली ती पितळेची. धोंडिरामकडे पितळेचा गज शिल्लक नव्हता आणि बाजार बंद. नाथाजीनं अंगठा आणि बोट यांत अंतर धरून दाखवलं, एवढ्या जाडीचं भरीव पितळ पाहिजे, जुनं चालेल, दोन बोटं लांबीचं पुरे. सगळे इकडंतिकडं बघू लागले. नाथाजीची नजर मात्र एका जागी थांबली होती. हळूहळू सगळ्यांचीच तिथं गेली.

बयाबाईंनी बत्ता छातीशी धरला.

तो बत्ता त्यांच्या लग्नातला होता. पन्नास वर्षं त्यांच्या मुठीत झिजून त्याची वरची बाजू सोन्यासारखी झाली होती. नानासो आईला कसं विचारावं याची वाक्यं जुळवत होते. तेवढ्यात बयाबाईंनी मोटारीकडे पाहिलं. मुक्ताबाई अजून तशाच बसल्या होत्या, पण आता त्यांचा हात दाराच्या काचेवर होता आणि नजर रस्त्यावर. दोन नटलेल्या पोरी टाळ्या देत माहेरची गाणी म्हणत वारुळाकडे चालल्या होत्या.

"मला बी कोण मुराळी येत न्हवता," बयाबाई म्हणाल्या. "घे बाबा नाथाजी. काप."

पुढचे दोन तास विश्रामबागेत त्याहून मोठी घटना घडली नसेल. लेथ फिरू लागलं, पितळेचे सोनेरी भुगे उडू लागले, आणि सहाच्या सहा ढकलणारे खिडकीला नाकं लावून उभे राहिले. धोंडिराम पंचमी पाळायची म्हणून लेथकडे पाठ करून पायरीवर बसला होता; पण कान लेथकडेच. "नाथाजी, फेरं कमी कर," तो न बघताच सांगायचा, आणि नाथाजी "केलं" म्हणून तसंच चालू ठेवायचा. बत्त्याचं वरचं टोक दोन बोटं कमी झालं आणि नाथाजीच्या तळहातावर बुश येऊन बसला, अंगठीएवढा, आत आटे, बाहेर आटे.

मग तो मोटारीशी आला. नवे आटे पाडायच्या हत्याराला त्यानं भरपूर ग्रीस फासलं, म्हणजे भुगा त्यालाच चिकटेल आणि इंजिनात पडणार नाही. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, पुसायचं, पुन्हा ग्रीस. नानासोंना वाटत होतं आपण एकदा जोर लावला तर पटकन होईल. ते दोनदा पुढं सरकले. दोन्ही वेळा नाथाजी नुसता थांबला, ते मागं सरकेपर्यंत. बुश बसला. प्लग बाहेर ठेवूनच स्टार्टर मारला, राहिलासाहिला भुगा उडून गेला. साडेदहा वाजले होते. आता फक्त प्लग.

नानासोंनी पान्हा उचलला. नाथाजीनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला, आदबीनं, पण काढून घेतला. त्यानं सभोवार पाहिलं आणि विचारलं, की घरात स्टोव्हचं निपल कोण बसवतं?

सगळ्या चाळीनं मोटारीच्या मागच्या सीटकडे बोट दाखवलं.

मेढ्याशिवाय न उतरण्याचा पण मुक्ताबाईंनी तेवढ्यापुरता मोडला. त्या उतरल्या, बांगड्या मागं सारल्या, प्लग दोन बोटांत धरून अलगद फिरवत नेला, तो टेकला तसा पान्हा घेऊन वर पाव फेरा दिला आणि थांबल्या.

"बास?" नानासोंनी न राहवून विचारलं.

"बास," मुक्ताबाई आणि नाथाजी एकदम म्हणाले.

जोतीरामनं स्टार्टर मारला. मोटार सुरू झाली. चारी सिलिंडर एका सुरात, कुठं अडखळणं नाही. धोंडिराम पंचमी विसरून वळून बघू लागला, पारूबाईंनी नाथाजीच्या घरी दिंडं पाठवायचं आपणहून कबूल केलं, आणि नानासोंना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतःच्या मेव्हण्याला मिठी मारली. साडेतीनला पोचतो, जोतीराम म्हणाला. वारूळ चुकलं तरी फेर सापडंल, आन् झोका काय संध्याकाळपर्यंत हाय.

मोटार हलायच्या आधी नानासो मागच्या काचेशी वाकले. चार वर्षं न झालेला धीर त्यांनी आता केला.

"मुक्ता, एक सांगू? ह्ये म्या मुद्दाम केलं न्हाई. आईशप्पत. मागचं बी न्हाई."

मुक्ताबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं. त्या हसल्या. सकाळपासून, खरं तर चार वर्षांपासून, नानासो ज्या हसण्याची वाट बघत होते तेच ते हसणं होतं.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "आवं, मुद्दाम मोडायला त्यातलं कळाया लागतंय."

मोटार सुटली. धूर उडवत कऱ्हाडच्या दिशेनं गेली. नानासो हात हलवत उभे राहिले, छाती भरून आलेली, डोळे ओले. बायकोचा आपल्यावर कधीच संशय नव्हता! ही गोष्ट मनात घोळवत ते किती तरी वेळ उभे होते. वाक्याचा उरलेला अर्थ त्यांच्या ध्यानात आला तेव्हा मोटार वळणाआड गेली होती, आणि मागं चाळ एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती.

त्यांचा हात कुणीतरी धरला. बयाबाई होत्या. त्यांनी लेकाच्या एका हातात खल दिला, दुसऱ्या हातात दोन बोटांनी आखूड झालेला बत्ता.

"माझी मूठ आता खलाच्या काठावर आपटतीया," त्या म्हणाल्या. "सून येईस्तोवर पान तूच कुटायचं."

नानासोंनी पायरीवर बसून पान घातलं, सुपारी घातली, बाह्या वर केल्या आणि बत्ता उचलला. बयाबाईंनी घाईनं त्यांचं मनगट धरलं.

"हळू रं, नाना. खल येकच हाय."